बालय्या अण्णांची न वाचलेली हरकत

बालय्या अण्णा जाऊन आता दीड वर्ष होईल. आमच्या कॅरम मंडळात त्यांची आठवण रोज निघते आणि रोज एकाच वाक्यावर येऊन थांबते. चहाच्या कपावर दोन पानं हरकत लिहिणारा माणूस, पण दोस्तावर वेळ आली तेव्हा गप्प बसला. हे वाक्य खोटं आहे. ते मी पसरवलं नाही, पण ते ज्या एका शब्दावर उभं आहे तो शब्द माझा आहे. माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि मी या मंडळाचा चिटणीस आहे. म्हणून जे लिहायचं ते आता लिहून टाकतो.

आमचं मंडळ म्हणजे साखर पेठेतल्या एका वाचनालयामागची पत्र्याची खोली, चार बोर्ड, चार दिवे आणि तीस-बत्तीस म्हातारे. अध्यक्ष नाही. पहिल्याच वर्षी अध्यक्षपदाला सहा जण तयार झाले, म्हणून ते पदच ठेवलं नाही. चिटणीस मात्र लागतो, कारण लिहायचं काम कुणालाच नको असतं. जिल्ह्याच्या एका कचेरीत छत्तीस वर्षं परिपत्रकं लिहून मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

मंडळाचे नियम आम्हीच करतो आणि ते करायची एक पद्धत आहे. ज्याला नियम हवा त्याने तो मला सांगायचा. मी तो नीट भाषेत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवायचा. त्याला आम्ही कच्चा नियम म्हणतो. तो पंधरा दिवस तिथे राहतो. शेजारी खिळ्याला एक वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. ज्याला काही सुचवायचं असेल, हरकत घ्यायची असेल, त्याने वहीत लिहून खाली सही करायची. मग रविवारच्या बैठकीत चिटणीस प्रत्येक हरकत मोठ्याने, अख्खी वाचतो, तिच्याखाली ‘वाचले’ असा शेरा मारतो आणि त्यानंतरच हात वर होतात. वहीत लिहिलं की तो माणूस बैठकीला हजर धरायचा, मग तो गावात असो की नसो.

बाकीच्यांच्या हरकती ‘ठीक आहे’, ‘चालेल’, ‘पंख्याचं काय झालं?’ अशा असायच्या. खरी वही भरली ती बालय्या अण्णांनी.

अण्णा टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासायचे. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. विणून आलेलं कापड उजेडावर धरायचं, कुठे तार तुटली, कुठे गाठ आली ते बघायचं आणि तिथे खडूने वर्तुळ करायचं. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात खडू आणि धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग असायचंच. ठेंगणे, काळेसावळे, खांद्यावर पंचा. पंचाही स्वतः तपासलेला. माझ्या सत्तरीनिमित्त मंडळाने मला शाल पांघरली तेव्हा फोटो काढणारा ‘इकडे बघा’ म्हणत होता आणि अण्णा माझ्या मागे उभं राहून शालीचा काठ चिमटीत धरून शेजारच्याला दाखवत होते. त्या फोटोत मी हसतोय आणि माझ्या खांद्यावर एक भिंग आहे.

कच्चा नियम लागला की अण्णा आधी तो कागद सोडवून घ्यायचे आणि ट्यूबलाइटसमोर धरायचे. जणू त्यात आरपार काही दिसणार होतं. मग खडूने वर्तुळं. माझ्या ‘यथोचित अंतर राखावे’ या वाक्यातल्या ‘यथोचित’ला त्यांनी वर्तुळ केलं आणि मला विचारलं, “चिटणीस, हे किती फूट?”

मी म्हणालो, यथोचित म्हणजे योग्य तेवढं.

“ते हितं बसलेल्या बत्तीस जणांना बत्तीस वेगळं वाटतंय की.”

ते अंतर चहाचं होतं. कुणाचा तरी कप बोर्डावर सांडला होता आणि मी ‘बोर्डापासून यथोचित अंतर राखून चहापान करावे’ असा नियम लिहिला होता. अण्णांनी दोन पानं लिहिली. अंतर किती? कपापासून मोजायचं की माणसापासून? माणूस हात लांब करून पीत असेल तर? ताक चालेल का? त्यांच्या शंकांना उत्तरं देता देता माझ्या एका ओळीच्या नियमाला सात पोटकलमं झाली आणि बैठकीत ती वाचताना मलाच धाप लागली. शेवटी अण्णांनी सुचवलेलं वाक्य मंजूर झालं: ज्याचा चहा सांडेल त्याने बोर्ड पुसून, वाळवून, पावडर मारून द्यावा. त्या दिवसापासून खोलीत कुणी कप आणला नाही. सगळे मला म्हणाले, काय सुंदर नियम केलात. मी ‘अण्णांचा आहे’ म्हणालो नाही. हेही इथे नोंदवतो, पण हा माझा लहान गुन्हा.

अण्णांचं ठरलेलं वाक्य होतं, “नियम आदी एकदा धुऊन बगा.” नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, तसा नियमही पहिल्या वापरात किती आटतो ते बघायचं, मग मंजूर करायचं. हे ते नुसतं म्हणायचे नाहीत. कच्चा नियम लागला की स्वतः एक संध्याकाळ तो पाळून बघायचे.

देशमुख गुरुजी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्यात आहेत. त्यांनी ‘खोलीत पूर्ण मौन पाळावे’ असा नियम सुचवला. शाळेत चाळीस वर्षं जमलं नव्हतं ते त्यांना इथे जमवायचं होतं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी धुणं काढलं. आले ते तोंड मिटून. समोरच्याने काळीऐवजी पांढरी सोंगटी घेतली, अण्णा गप्प. त्याने दुसरी घेतली, अण्णा गप्प. अण्णांचा खेळ संपायच्या आत त्यांच्या सोंगट्या समोरच्यानेच संपवल्या. एवढ्यात गुरुजी आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे निघाले. त्या स्टुलाचा एक पाय दुपारपासून निखळला होता आणि ते फक्त अण्णांना माहीत होतं. अण्णांनी दोन्ही हात हलवले, डोळे मोठे केले, छातीवर हात मारला. गुरुजींना वाटलं, हा माणूस नियमाची चेष्टा करतोय. ते मान वळवून बसले.

वहीत अण्णांची हरकत दोन वाक्यांची होती. ‘नियम पाळला. गुरुजी पडले.’

ती वाचताना मला तीनदा थांबावं लागलं. गुरुजीही हसले, पण उशीवर बसून.

अण्णांचं शिक्षण तेलुगू शाळेत झालं होतं. मराठी ते वाचायचे चांगलं, पण लिहायचे तेव्हा अक्षरं गोल गोल, एकमेकांना चिकटलेली. ते अक्षर लावायची सवय सगळ्या मंडळात एकट्या मला झाली होती. पुढे जे झालं ते त्यामुळेच शक्य झालं.

अण्णांचा जोडीदार हबीबभाई. विजापूर वेशीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलं बघतात. दोघांची ओळख तिथलीच. अण्णा कामावर सायकलने जायचे आणि चाक सरळ झालं की नाही हे भिंगातून तपासायचे. हबीबभाईंनी त्यांना पहिल्या दिवशी दुकानातून हाकलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी चहा पाजला, असं दोघंही सांगायचे. फक्त कोणत्या दिवशी कोण चुकलं होतं यावर त्यांचं कधी जमलं नाही.

हबीबभाईंचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी थोडा फरक पडतो. इतर वेळी ते तो हात खिशात ठेवतात. कॅरमला मात्र बाहेर काढावा लागतो. स्ट्रायकर लावायचा, बोट त्यावर टेकवायचं आणि थांबायचं. हात हलत राहतो. ते त्याच्याकडे असं बघतात जसं कुणी रडणाऱ्या नातवाकडे बघावं. मग कधीतरी एक क्षण तो निवतो आणि त्याच क्षणी फटका बसतो. आणि तो चुकत नाही. समोर अण्णा मांडीवर हात ठेवून बसलेले. त्यांनी कधी घाई केली नाही. सोंगटी गेल्यावर मात्र म्हणायचे, “मागची पण जात हुती की. दिसली न्हाई का?”

या जोडीने मला आणि माझ्या जोडीदाराला वार्षिक स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं हरवलं. मी बाहेर सांगायचो, नशीब. खरं कारण असं की हबीबभाईंचा हात निवायची वाट बघताना मी चिडायचो आणि चिडलो की माझा नेम जायचा. तिसऱ्या वर्षी हरल्यावर आठवड्याभरात मी कपाटावर कच्चा नियम लावला: ‘प्रत्येक सभासदाने आपला फटका विहित वीस सेकंदांत मारावा, अन्यथा पाळी बाद समजण्यात येईल.’ खाली कारण लिहिलं, बोर्ड चारच असल्याने सभासदांना ताटकळावे लागते. ते कारण खोटं नव्हतं. लोक ताटकळायचे. पण मी ते लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ताटकळणारे लोक नव्हते.

पंधरा दिवस संपायच्या आदल्या दिवशी अण्णा लेकीकडे भिवंडीला गेले, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना वहीत लिहून गेले. कुणाशी काही बोलले नाहीत. बोलायची गरजच काय, वहीत लिहिलं होतं.

मी ते शनिवारी एकट्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही मिटून कपाटात ठेवली आणि घरी जाऊन जेवलो. जेवण नीट गेलं, हेही सांगतो.

रविवारी बैठकीला वीस-बावीस जण होते. मी वही उघडली. गुरुजींचं ‘ठीक आहे’ वाचलं, दुसऱ्या कुणाचं ‘चालेल’ वाचलं, पंख्याची चौकशी वाचली आणि अण्णांच्या पानावर आल्यावर दोन पानं एकदम उलटली. पानं चिकटली होती असं मी पुढे बरेच महिने स्वतःला सांगत होतो. चिकटली नव्हती.

हबीबभाई मागच्या बाकावर होते. त्यांनी विचारलं, “अण्णा का कुछ लिखा नहीं?”

मी म्हणालो, “नाही.”

माझा शब्द तो हाच.

हबीबभाई थोडा वेळ दाराकडे बघत राहिले, जसे काही अण्णा आत्ता आत येतील आणि म्हणतील, थांबा. मग मी म्हणालो, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत. सगळ्यांच्या आधी जो हात वर गेला तो हबीबभाईंचा. थरथरत होता, पण वर होता. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी अण्णांच्या हरकतीखाली ‘वाचले’ लिहिलं. शेरा राहून गेला तर नोंदी अपुऱ्या दिसतात.

अण्णा दहा दिवसांनी परतले. आधी ते विजापूर वेशीत गेले आणि हबीबभाईंनी जे सुनावलं ते सगळं ऐकून घेतलं. तिथून ते सरळ खोलीत आले आणि माझ्याकडे वही मागितली. मला वाटलं, आता ते सगळ्यांना बोलावतील. खोलीत दहाबारा जण होते. त्यांनी पान काढलं, माझा ‘वाचले’ शेरा बघितला आणि भिंग काढून पुन्हा बघितला. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि मला दारापाशी नेलं.

“चिटणीस,” ते हळू आवाजात म्हणाले, “कापडात दोष निगाला तर आमी विणणाऱ्याला बाजूला घिऊन सांगायचो. खात्यात ओरडायचं न्हाई. ज्यानं तोडली त्यानंच तार जोडायची, मंजी पुन्ना तुटत न्हाई.”

मी म्हणालो, गडबडीत राहून गेलं.

“राहू दे की. पुढच्या रविवारी वाचा. मी सांगितलं तर भांडान हुईल. तुमी सांगितलं तर दुरुस्ती हुईल.”

पुढच्या रविवारी मी सगळं कामकाज संपवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, “इतर काही विषय?” अण्णा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “नाहीत.” त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी अण्णा आले नाहीत. मंडळींनी अर्थ लावला की दोस्तासाठी तोंड उघडलं नाही म्हणून लाज वाटली असेल. मी त्या चर्चेत बसलो होतो. मान हलवली की नाही ते आठवत नाही. बहुतेक हलवली.

अण्णा यायचे थांबल्यावर आमचे नियम भराभर मंजूर व्हायला लागले. वही कोरी राहायची. ‘चपला खोलीबाहेर काढाव्यात’ हा नियम पाच मिनिटांत झाला. अण्णा येत असते तर त्यांनी विचारलं असतं, बाहेर म्हणजे कुठं, आणि आदल्या संध्याकाळी स्वतःच्या चपला तिथे ठेवून बघितल्या असत्या. आम्ही थेट अंमल केला. वाचनालयापाशी दोन कुत्री असतात. चार दिवसांत पाच चपला गेल्या, पाचही डाव्या. गुरुजी एक पाय उचलत घरी गेले. त्यावर आम्ही ‘कुत्र्यांनी’ अशी सुरुवात असलेला नियम लिहायला घेतला होता, मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

अण्णा मात्र रोज संध्याकाळी हबीबभाईंच्या घरी जायला लागले होते. सायकल आता झेपत नव्हती, रिक्षाने जायचे. डोक्यावर एक बोर्ड धरून ते रिक्षातून उतरताना कुणी बघितलं होतं. आम्हाला वाटलं, चला, समेट झाला. समेट झाला नव्हता. मला हे नंतर कळलं.

अण्णा त्यानंतर तीन-चार महिन्यांत गेले. हृदयाचं होतं. गेल्या आठवड्यात मी वही घेऊन हबीबभाईंकडे गेलो आणि ते पान त्यांना वाचून दाखवलं. मंडळालाही ते ऐकायचा हक्क आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवतो.

‘कच्चा नियम, फटका वीस सेकंदांत. हरकत. नियम धुऊन बघितला. तीन दिवस हबीबच्या समोर बसून त्याला न कळता मनात मोजलं. हात थांबायला कधी चाळीस लागतात, कधी साठ. विसात एकदाही नाही. बाकी सगळ्यांना दहा पुरतात. म्हणजे हा नियम एका माणसापुरता आहे. एका माणसासाठी नियम करायचा असेल तर त्यात त्याचं नाव लिहावं, म्हणजे हात वर करताना आपण काय करतो ते सगळ्यांना कळेल. ताटकळणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी पाचवा बोर्ड घ्यावा. माझ्या घरी एक पडून आहे, भिवंडीहून आलो की आणून देतो. विहित शब्दाला वर्तुळ केलं आहे. अर्थ कळला नाही. बालय्या.’

हबीबभाईंनी सगळं ऐकून घेतलं. हात खिशातच होता. मला वाटलं, मला शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो.

“मैं उसकू रोज सुनाया,” ते म्हणाले. “आता था, बैठता था, मैं रोज बोलता था, सब पे लिखा, मेरे टैम पे तेरी कलम टूट गई क्या. एक दिन नहीं छोड़ा. बीमार था तब बी बोला.” मग म्हणाले, “वो हंसता था खाली. बोलता था, खेळ की.”

वीस सेकंदांचा नियम रद्द करावा असा कच्चा नियम मी काल कपाटावर लावला आहे. त्यात विहित शब्द नाही. कारणाच्या जागी हे सगळं लिहिलं आहे. वही खिळ्याला आहे, ज्याला माझ्याबद्दल काही लिहायचं असेल त्याने लिहावं. रविवारी मी ते अख्खं वाचीन.

एक गोष्ट मात्र मी हबीबभाईंनाही सांगितली नाही. अण्णा जायच्या महिनाभर आधी मी एकदा हबीबभाईंच्या गल्लीत गेलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, घरातून निघताना वाक्यही तयार केलं होतं. दार उघडं होतं. जमिनीवर सतरंजी, मध्ये बोर्ड. हबीबभाईंची पाठ माझ्याकडे होती, त्यांचा हात स्ट्रायकरवर हलत होता आणि हात निवायची वाट बघत ते अण्णांना तेच सुनावत होते. अण्णा समोर भिंतीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. ते ऐकत होते आणि त्या हाताकडे बघत होते. मग त्यांची नजर वर झाली आणि त्यांना मी दिसलो.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. सतरंजीवर हात टेकून थोडे बाजूला सरकले, माझ्यापुरती जागा केली आणि त्या जागेवर तळव्याने हलकंच थोपटून मला आत बोलावलं.

मी उंबऱ्यातूनच हळू आवाजात म्हणालो, “नंतर येतो, जरा घाईत आहे,” आणि निघालो. मला निवृत्त होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.